जुलैतला उन्हाळा

गेल्या रविवारी, कराडहून आलेल्या आईला घेऊन वॉलॉंगॉंगला गेले. सिडनीच्या सेंट्रल स्टेशनवर गाडी बदलली तेव्हापासून ती खिडकीशी बसली होती आणि तिच्या मांडीवर स्टीलचा डबा होता.

"वर ठेव ना तो, रॅक आहे," मी म्हटलं.

"पडला म्हणजे?"

"पडत नाही गं."

"तुला काय माहीत? तू भाजलीयेस का?"

डब्यात थालीपिठाची भाजणी होती. आधी मी हॅरिस पार्कच्या भारतीय दुकानातून तयार पाकीट आणलं होतं. आईने ते फोडलं, नाकाशी नेलं आणि काही न बोलता रबर लावून बाजूला ठेवलं. मग माझ्या पॅरामॅटाच्या छोट्या फ्लॅटमध्ये ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभऱ्याची डाळ असं एकेक भाजायला घेतलं. धने कढईत पडले आणि छतावरचा धुराचा अलार्म किंचाळायला लागला. आई झारा हातात घेऊन दाराकडे धावली. "कोण आलं गं?" मी खुर्चीवर चढून टॉवेल हलवत होते आणि हसू आवरत नव्हतं. नंतर दोन दिवस माझ्या उशीलासुद्धा भाजणीचा वास येत होता. ती उशी मी मुद्दाम धुतली नाही.

गाडी झाडीतून खाली उतरली, बोगदा आला, आणि बोगदा संपल्यावर डाव्या हाताला एकदम समुद्र उघडला. "अगं बाई," आई म्हणाली आणि तिने डबा आणखी घट्ट धरला, जणू समुद्र तो मागणार होता.

आम्ही ओदीलबाईंकडे जेवायला चाललो होतो. मी शिकत असताना त्या माझ्या घरमालकीण होत्या. आईला त्यांना भेटायचं होतं, 'एवढं माझ्या पोरीला सांभाळलं' म्हणून काहीतरी हाताने करून घालायचं होतं. माझ्या मनात मात्र वेगळंच होतं. ते मी आईला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर ती आलीच नसती. मला तिला सगळ्यांबरोबर बसून गरम जेवताना पाहायचं होतं. मी सव्वीस वर्षांची झाले, आणि ते मी एकदाही पाहिलेलं नव्हतं.

कराडला आमची मेस आहे. खाली बाकं टाकलेल्या दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, वर आम्ही. बाबा बाजार बघतात आणि डबे पोचवतात, आई तव्याशी असते. कॉलेजची मुलं पाळीपाळीने येतात, खाली मान घालून जेवतात आणि उठतात. भिंतीवर बाबांनी पेंटरकडून लिहून घेतलंय, 'जेवताना गप्पा मारू नयेत'. कारण बाहेर पुढची पाळी चपला काढून उभी असते. शेवटचा मुलगा हात धुऊन गेला की आई ओट्याखाली पाट ओढायची आणि पातेल्यात जे उरलं असेल त्यातच भात कालवायची. आम्ही कुणी आधी जेवायला हाक मारली तर एकच उत्तर, "मी नंतर जेवते." लहानपणी मला वाटायचं, नंतर ही सकाळ-दुपार-संध्याकाळसारखी एक वेळ आहे आणि ती फक्त आईची आहे.

आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. कॉलेजात मी खाली मान घालून शिकले, मेसवर जेवतात तसंच. इथे मास्टर्सला आले तरी तेच. वर्गात उत्तर माहीत असायचं, पण ते इंग्रजीत नीट जुळवेपर्यंत दुसऱ्याने दिलेलं असायचं.

ओदीलबाईंचं घर चढावर आहे. मागच्या अंगणातून एकीकडे समुद्र आणि दुसरीकडे पोर्ट केम्बलाची धुराडी दिसतात. त्यांचे यजमान तिथल्या पोलादाच्या कारखान्यात होते. लग्न झाल्याझाल्या दक्षिण फ्रान्समधलं गाव सोडून दोघं इथे आली, आणि यजमान गेल्यावर बाईंनी खोल्या विद्यार्थ्यांना द्यायला सुरुवात केली. एका खोलीत मी होते, दुसरीत पुण्याचा तेजस, पोलादावरच पीएचडी करणारा. पहिल्या दिवशी मी त्यांना आंटी म्हटलं तर म्हणाल्या, "मी कुणाची आंटी नाही. ओदील म्हण." सत्तरी ओलांडलेल्या बाईला नुसतं नावाने हाक मारायला माझी जीभ रेटेना. मग मी 'ओदीलबाई' म्हणायला लागले. बाई म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मादाम. "मग ठीक आहे," त्या म्हणाल्या, आणि तेव्हापासून फोनवरसुद्धा स्वतःला ओदीलबाई म्हणवून घ्यायला लागल्या.

तो लॉकडाऊनचा हिवाळा होता; इथे जून ते ऑगस्ट हिवाळा. सिडनीबरोबर वॉलॉंगॉंगही बंद झालं होतं. युनि लॅपटॉपमध्ये आलं होतं, आणि लॅपटॉप माझ्या पलंगावर. ओदीलबाई दर वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये फ्रान्सला बहिणीकडे जायच्या, तिकडचा उन्हाळा गाठायला. त्या वर्षी जाणं शक्यच नव्हतं. जूनभर त्या रोज कपाटातली सुटकेस काढायच्या, पुसायच्या, परत ठेवायच्या.

आणि जुलैच्या पहिल्या रविवारी सकाळी अंगणातून हाका आल्या. बाहेर जाऊन पाहतो तर बाईंनी लोकरी स्वेटरवर उन्हाळी गवती हॅट घातली होती आणि लांब टेबलावर एक पिवळं मेणकापड पसरलं होतं. त्यावर ऑलिव्हच्या डहाळ्या छापलेल्या होत्या. हे त्यांच्या गावच्या बाजारातलं. हिवाळ्याचं ऊन त्यावर पडलं की त्याला नव्या दप्तरासारखा वास यायचा.

"जुलै आहे," त्या म्हणाल्या. "जुलै म्हणजे उन्हाळा."

"ओदीलबाई, बारा डिग्री आहे," तेजस म्हणाला. त्याने अंगावर गोधडी घेतली होती.

"ती इथल्या आकाशाची चूक आहे. गोधडी काढ."

असा आमचा दक्षिण फ्रान्स सुरू झाला. दर रविवारी एक सहल. मी अजूनही फ्रान्स पाहिलेलं नाही, पण कुणी विचारलं तर क्षणभर 'हो, गेलेय' असं ओठावर येतं.

पहिली सहल नदीवरची. बाईंच्या लहानपणी गावातली सगळी घरं रविवारी नदीकाठी जायची, बरोबर गोल पाव असायचे. पाव मधून चिरायचा, ऑलिव्हच्या तेलात भिजवायचा, आत टोमॅटो, उकडलेली अंडी, कांदा, ऑलिव्ह आणि खारवलेले छोटे मासे भरायचे. मी मासे खात नाही म्हणून माझा पाव वेगळा बांधला. मग तो कापडात घट्ट गुंडाळून बाईंनी खुर्चीवर ठेवला आणि तेजसला म्हणाल्या, "बस त्यावर."

"काय?"

"दाबला पाहिजे. आमच्याकडे हे काम सगळ्यात जड मुलाचं."

तेजस तासभर त्या पावावर बसून युनिची मीटिंग करत होता. त्याच्या गाइडला शेवटपर्यंत कळलं नाही. मग आम्ही मास्क लावून, पिशवी घेऊन, चढ उतरून समुद्रावर गेलो. फिरायला परवानगी होती. बाईंनी बूट काढून पाय पाण्यात घातले आणि किंचाळल्या. "नदी गार आहे!" पाव खाताना कोपरापर्यंत तेल ओघळत होतं, हनुवटीवर टोमॅटोच्या बिया, वाऱ्याने दातात वाळू. मी इतकं अस्ताव्यस्त कधी जेवले नव्हते. आमच्याकडे सांडलं की लगेच फडकं यायचं. इथे बाई माझ्या ओघळणाऱ्या हाताकडे बघून म्हणाल्या, "आत्ता बरोबर खातेयस."

त्या म्हणायच्या, बाकी सगळं जमलं, फक्त रातकिडे नाहीत. म्हणजे रातकिडे नव्हेत, दिवसा झाडावर बसून ओरडतात ते, सिकाडा. त्यांच्याशिवाय दक्षिणेचा उन्हाळा म्हणजे मीठ नसलेलं जेवण. तेजसने स्टीलच्या डब्यात मटकी घातली आणि टेबलाशी बसून तो डबा खुळखुळवायला लागला. बाईंनी डोळे मिटून ऐकलं. "वाईट आहे," त्या म्हणाल्या. "थांबू नको."

मग एका रविवारी बाहेर जेवायला जायचं ठरलं. सगळी हॉटेलं बंद होती, नुसते पुडे मिळायचे. पण दक्षिणेत रविवारी दुपारी माणसं चांगले कपडे करून बाहेर जेवायला जातात, तर आपणही जाणार. मी दिवाळीसाठी ठेवलेला रेशमी कुर्ता घातला. तेजसने टाय बांधला, खाली हाफ पँटच होती. आम्ही पुढच्या दाराने बाहेर पडलो, घराला वळसा घातला आणि बाजूच्या फाटकाशी आलो. फाटकाच्या आत बाई हाताची घडी घालून उभ्या होत्या. अंगावर काळा ॲप्रन.

"काय पाहिजे?" त्यांनी विचारलं, जणू आम्हाला कधी पाहिलंच नव्हतं.

तेजसने मला कोपर मारलं. "बोल ना तू."

"मी कशाला? तू बोल."

"अगं रिझर्व्हेशन तुझ्या नावावर आहे. बोल, बोल, नो वरीज."

हा खेळ होता हे मला कळत होतं. तरी कानशिलं तापली. मी कधी हॉटेलात पुढे होऊन टेबल मागितलं नव्हतं. आमच्या घरी बाहेर जेवणं म्हणजे लोकांनी बाहेरून आमच्याकडे येऊन जेवणं. मी म्हटलं, "दोघांसाठी टेबल मिळेल का?"

"ऐकू नाही आलं."

मी परत म्हटलं.

"आज खूप गर्दी आहे," बाई रिकाम्या अंगणाकडे बघत म्हणाल्या. "मोठ्याने बोल."

"दोघांसाठी टेबल पाहिजे!" मी ओरडले. कुंपणापलीकडे कुणीतरी कपडे वाळत घालत होतं. तिकडून आवाज आला, "गुड ऑन या, मेट!"

बाईंनी मान हलवली. "दोघांचं टेबल नाही. तिघांचं आहे. मीही जेवणार आहे."

त्या आठवड्यात मी ऑनलाइन वर्गात पहिल्यांदा माइक सुरू केला. काय बोलले ते आता आठवत नाही. बोलण्यापूर्वी मनात फाटक आलं होतं, एवढं आठवतं.

आणि मग माझी पाळी आली. बाई म्हणाल्या, या रविवारी तू कर. दक्षिणेच्या एका टोकाला, समुद्राकाठच्या नीस शहरात, हरभऱ्याच्या पिठाची पातळ भाकरीसारखी एक गोष्ट मिळते. लहानपणी त्या बहिणीबरोबर दिवसभरासाठी आगगाडीने तिकडे जायच्या आणि बाजाराबाहेर उभ्याने, कागदात, ती खायच्या. सोका तिचं नाव. त्यांनी वर्णन केलं आणि मी म्हटलं, अहो, ही तर धिरडी. बेसन आहे, पाणी आहे, तेल आहे. हे मला झोपेतही येतं.

रविवारी मी दोघांना टेबलावर बसवलं आणि आत गॅसपाशी उभी राहिले. धिरडं गरमच खायचं असतं. म्हणून एक करायचं, वाढायचं, आत यायचं, दुसरं टाकायचं. मी बाईंना वाढलं, तेजसला वाढलं, तिसरं मधे ठेवलं आणि कान बाहेर लावून उभी राहिले. आता हाक येईल, आणखी आण. हाक येईना. वाटलं, बोलत बसले असतील. मी आणखी केली. शेवटी चवड घेऊन बाहेर गेले तर सगळी धिरडी जशीच्या तशी ताटात होती. गार, कडा वाकलेल्या. तेजस त्यांच्याकडे उपवासाच्या दिवशी बघावं तसा बघत होता.

"आवडली नाहीत का?" मी विचारलं.

"अगं आवडली नाहीत काय, हात लावू देत नाहीयेत या!" तेजस म्हणाला. "कधीची बसलीयेस आत तू? मी मरतोय इथे."

बाईंना उलट माझाच राग आला होता. "तू कुठे होतीस?"

"करत होते."

"आमच्याकडे जिने केलं ती बसल्याशिवाय कुणी काटा उचलत नाही. माझी आई बसायची, रुमाल मांडीवर घ्यायची, मग आम्ही."

"पण मग गरम कसं मिळणार?"

"तुला कोण देणार गरम?"

आमच्या घरी हा प्रश्नच कुणाला पडलेला नव्हता, आईलासुद्धा. मी बसले. आम्ही गार धिरडी खाल्ली, वर भरपूर मिरपूड घालून. पुढच्या वेळी बाईंनी दाखवलं. तेच पीठ एका मोठ्या पसरट थाळ्यात ओतून ओव्हनमध्ये सरकवायचं, वरून रंग आला की थाळाच टेबलावर आणायचा, आणि सगळ्यांनी मिळून बोटं भाजून घ्यायची. कडा कुरकुरीत, मधे मऊ. पण मला सांगायचं होतं ते कडांबद्दल नाही. स्वयंपाक करून बसल्यावर लोक आपल्यासाठी थांबलेले असतात आणि आपण बसलो की सगळ्यांचे हात एकदम पुढे येतात, तो आवाज. काटे, पाव तोडल्याचा, खुर्च्या सरकल्याचा. तो मला माहीत नव्हता.

त्या दिवसांत कराडलाही मेस बंद होती. मुलं गावी गेली होती. आधीच्या महिन्यांत आईने आजारी घरांना डबे पाठवले होते, ते वाईट दिवस तिने फोनवर कधी नीट सांगितले नाहीत. मग तेही थांबलं, आणि तिला आयुष्यात पहिल्यांदा कुणाला वाढायचं नव्हतं. आमची दुपार म्हणजे तिची सकाळ. मी फोन पाण्याच्या जगला टेकवून ठेवायची आणि आई आमच्या टेबलाच्या टोकाला येऊन बसायची, हातात चहाचा कप, मागे रिकामी बाकं.

"अगं, मघाशी फोन केलास तेव्हाही जेवतच होता ना?"

"हो, अजून चाललंय."

"तीन तास काय जेवता? आमच्याकडे तीन तासांत सत्तर पोरं उठतात."

ओदीलबाई दर वेळी विचारायच्या, "ती काय खातेय?" मी आईला विचारायची. आई म्हणायची, "मी नंतर जेवते म्हणावं." मी सांगायची, ती नंतर जेवणार आहे. बाईंना ते पटायचं नाही. त्या फोनकडे वाकून मोठ्याने विचारायच्या, नंतर म्हणजे कधी? आईला इंग्रजी कळायचं नाही, पण ती हसायची आणि पदर तोंडाला लावायची. असं दर रविवारी. बाईंना 'नंतर' हा शब्द पाठ झाला.

ऑगस्टमध्ये गावजेवण झालं. दक्षिणेत भर उन्हाळ्यात गावाच्या चौकात लांबच लांब टेबलं मांडतात. बटाटे, गाजरं, घेवडा, फ्लॉवर, अंडी, सगळं नुसतं उकडलेलं, आणि त्याबरोबर लसणाची जाड पिवळी चटणी. ती दगडी खलात करायची, लसूण वाटत वाटत थेंबथेंब तेल सोडायचं, आणि बत्ता एकाच दिशेने फिरवायचा. मी फिरवत होते, बाई दिशेवर लक्ष ठेवून होत्या. लसणाचा वास नखांत जाऊन बसला आणि मला मेसच्या ओट्याची आठवण आली. जेवायला आम्ही तिघंच, पण बाईंनी अख्ख्या गावाची माणसं बसवली. तिथे गावचा डॉक्टर, त्याच्याशेजारी त्याच्याशी न बोलणारा पाववाला, इकडे बाईंची बहीण. एका मोठ्या थाळ्यात सगळं होतं आणि तो थाळा हातोहात फिरत होता. तेव्हा मला एक गोष्ट जाणवली. आमच्या पंगतीत वाढपी चालतो, त्यांच्या पंगतीत थाळा चालतो. माणसं बसलेलीच असतात. मी हे बोलून दाखवलं तर तेजस म्हणाला, "अरे वा, आता तू लेक्चर पण द्यायला लागलीस." पण बाईंनी ते वाक्य दोनदा म्हणायला लावलं.

सप्टेंबरात सरकारने जाहीर केलं की लस घेतलेल्यांना मोकळ्यावर पिकनिकला भेटता येईल. ओदीलबाईंनी टीव्हीसमोर टाळ्या वाजवल्या. "शेवटी तिथे एक तरी जेवणारा माणूस निघाला." समुद्राकाठच्या हिरवळीवर चादरीच चादरी, मधे मधे अंतर, आणि प्रत्येक चादरीवर लोक असे हसत होते जणू सँडविच आत्ताच शोधून काढलंय. पुढे हॉटेलं उघडली तेव्हा तेजसने आम्हाला बंदराजवळच्या एका ठिकाणी नेलं. खऱ्या फाटकातून, खऱ्या टेबलाशी. मी न अडखळता विचारलं, तिघांसाठी. जेवण छान होतं. फक्त वेटर आमच्याबरोबर बसला नाही, हे ओदीलबाई घरी पोचेपर्यंत म्हणत होत्या.

डिसेंबरात एका सकाळी झाडं एकदम ओरडायला लागली. इथले सिकाडा. फोनवर बोललेलं ऐकू येईना इतके. बाई अनवाणी अंगणात उभ्या राहिल्या, तोंड वर करून, कितीतरी वेळ. मग आत आल्या आणि मटकीचा डबा तेजसच्या हातात देऊन म्हणाल्या, "आता हिची उसळ कर."

धिरड्यांचा रविवार सोडून हे सगळं मी आईला गाडीत थोडं थोडं सांगत होते. ती ऐकत होती की समुद्र बघत होती, कळत नव्हतं. मधेच बाबांचा फोन आला. आई नाही म्हणून मेस ते एकटे सांभाळत होते. "आमटीला मीठ किती?" त्यांनी विचारलं. आई म्हणाली, "अंदाजाने घाला." फोन ठेवल्यावर मला म्हणाली, "एवढी वर्षं दुकानातून मीठ आणतायत, घालायचं किती ते माहीत नाही."

ओदीलबाई फाटकातच उभ्या होत्या. आईने डबा सांभाळत नमस्कार केला. बाईंनी तिच्या दोन्ही गालांची पापी घेतली. आई हळद लागल्यासारखी गालाला हात लावून उभी राहिली. तेजस आता सिडनीत नोकरी करतो, तो आमच्या आधीच आला होता. तो वाकायला लागला तर आई म्हणाली, "राहू दे, राहू दे. हाच का तो पावावर बसणारा?"

अंगणात तेच टेबल, तेच पिवळं मेणकापड. घड्यांवर रंग उडालाय, एका कोपऱ्याला तेजसच्या गरम थाळ्याचा गोल डाग आहे. गेल्या वर्षी बाई परत बहिणीकडे जाऊन आल्या, तिने नवं दिलंय, पण ते अजून घडीतच आहे. मी हात ठेवला. ऊन पडलं होतं. नव्या दप्तराचा वास अजून होता, अगदी पुसट. झाडांवर सिकाडा ओरडत होते.

आई सरळ स्वयंपाकघरात गेली. परातीत भाजणी, कांदा, कोथिंबीर, तिखट. तव्यावर थापताना तिने बोटाने मधे भोक पाडलं आणि तेल सोडलं. मग आम्हा सगळ्यांना बाहेर घालवलं. "तुम्ही बसा. मी गरम गरम वाढते."

इथला नियम मला तेव्हाच सांगता आला असता. मी नाही सांगितलं. बाहेर येऊन बसले. चौथ्या खुर्चीपुढे रिकामं ताट होतं.

आई आली, बाईंच्या ताटात थालीपीठ वाढलं, वर लोण्याचा गोळा, आणि गेली. पुन्हा आली, तेजसला वाढलं. मग मला. लोणी वितळून भोकातून खाली उतरत होतं. तेजसने डोळे मिटून खोल श्वास घेतला. चौथं घेऊन आई आली आणि जागच्या जागी थांबली.

"काय झालं? खारट झालं का?"

"नाही काकू."

"मग जेवा की! गार होतंय." तिने माझ्याकडे बघितलं. "ह्यांना आवडत नाही का असलं?"

ओदीलबाईंनी शेजारची खुर्ची मागे ओढली.

मग मी मोठ्याने बोलले, फाटकाशी बोलले होते तशी. "आई, इथे जिने केलं ती बसल्याशिवाय कुणी जेवत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे तू बस."

"अगं पण तव्यावर आहे. तुम्ही खा, मी नंतर..."

"नंतर!" ओदीलबाई ओरडल्या. एवढा एकच शब्द त्यांना कळला होता. त्यांनी बोट हलवलं. "नो नंतर."

"काकू, बसा हो," तेजस म्हणाला. "मागच्या वेळी हिने मला असाच उपाशी मारला होता."

आई हसली. हातातलं थालीपीठ त्या रिकाम्या ताटात ठेवलं आणि खुर्चीच्या टोकावर टेकली, कुठल्याही क्षणी उठायच्या बेताने. तशी ती लग्नातही बसते. बाईंनी रुमाल तिच्या मांडीवर पसरला. आई कधी रुमालाकडे, कधी दाराकडे बघत होती.

आणि आतून वास आला. भाजणीचा, पण थोडा पुढे गेलेला. आईला तो आमच्या आधी आला असणार. तिचं अंग पुढे झालं, हात टेबलाच्या कडेवर. आयुष्यात तिने एक भाकरी करपू दिलेली नाही. मीही उठायला लागले. मग तिने आमच्या तिघांच्या ताटांकडे पाहिलं. तिन्ही थालीपिठं तशीच होती, आणि तीन माणसं हात मांडीवर ठेवून तिच्याकडे बघत होती.

ती मागे सरकून खुर्चीत पूर्ण बसली.

"करपू दे," आई म्हणाली.

"काकू, अलार्म वाजेल," तेजस म्हणाला.

"वाजू दे."

तिने थालीपिठाचा तुकडा मोडला. बोटांना चटका बसला तशी फुंकर मारली, लोण्यात बुडवला आणि तोंडात घातला. सगळ्यांचे हात एकदम ताटांकडे गेले. थालीपीठ मोडल्याचा, खुर्ची सरकल्याचा, तोच आवाज. माझा हात मात्र तसाच राहिला. आई पहिला घास डोळे मिटून खाते. हे मला माहीतच नव्हतं.

आत अलार्म किंचाळायला लागला. तेजस घास तोंडात धरूनच गॅसकडे पळाला. आईने डोळे उघडले नाहीत.